मुकुट एका क्षणाचा

कुणालाही कागद-पेन्सिल देऊन पाण्याचा थेंब काढायला सांगा. पहिलीतले मूल असो की पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब, चित्र एकच निघते. वर टोक, खाली गोल पोट. पाणीपुरवठा योजनेच्या फलकावर हाच थेंब, शाळेच्या भिंतीवर 'पाणी वाचवा' या अक्षरांशेजारी हाच आणि पाठ्यपुस्तकातल्या ढगाखाली रांगेने उभा तोही हाच. मराठवाड्यात तर हा टोकदार थेंब इतक्या भिंतींवर रंगवला गेला आहे की, प्रत्यक्षात तेवढे पडले असते तर टँकरची गरजच उरली नसती.

गंमत अशी की, पडणारा थेंब कधीच असा नसतो. नळाच्या तोंडाशी लोंबत असताना, सुटण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी, त्याला मान फुटते हे खरे. पण सुटला रे सुटला की पृष्ठताण ते टोक आत ओढून घेतो आणि थेंब गोल होतो. मग कधी थोडा चपटा, कधी थोडा लांबट असा थरथरत तो खाली येतो. पावसाचा मोठा थेंब तर वेगळाच दिसतो. खालून हवा अडवते, त्यामुळे त्याचे पोट सपाट होते आणि पाठ फुगीर राहते. बेकरीतला बनपाव डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पावसाचा थेंब कळेल. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा तो मोठा झाला की बहुधा वाटेतच फुटतो.

म्हणजे जन्मभर पाहिलेली वस्तू आपण जन्मभर चुकीची काढत आलो. यात डोळ्यांचा दोष नाही. थेंब पाण्यावर आपटण्यापासून पाणी पुन्हा निवळेपर्यंतचे मुख्य नाट्य सेकंदाच्या फार तर काही दशांशांत आटोपते. त्यातले अंक वेगळे करून पाहणे डोळ्यांना जमत नाही. ते जमते फ्लॅशला. आणि आनंदाची गोष्ट अशी की, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक साधा कॅमेरा, एक सुटा फ्लॅश, एक ताट आणि अंधार एवढे साहित्य पुरते. यातली शेवटची वस्तू परभणी जिल्ह्यात वीज मंडळाच्या कृपेने अनेक वर्षे मुबलक होती!

ठिणगीच्या उजेडात

या छंदाची सुरुवात शाळेत झाली. १८७५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रग्बी येथील एक विद्यार्थी काजळी धरलेल्या काचा घेऊन काही खटपट करत होता. त्यांवर शाईचे थेंब सांडले. सांडलेल्या थेंबांच्या खुणा त्याला विलक्षण वाटल्या. एरवी अशा वेळी मुलाला काच पुसायला सांगून विषय संपतो. इथे आर्थर वर्दिंग्टन नावाच्या अभ्यासकाने त्या खुणांचा नाद घेतला आणि पुढची तीसेक वर्षे तो सोडला नाही.

वर्दिंग्टन यांची रीत अशी होती. खोलीत मिट्ट काळोख करायचा. थेंब सोडायचा. तो आपटल्यानंतर नेमक्या ठरवलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या क्षणार्धात डोळ्यांवर जे उमटेल ते लगेच कागदावर उतरवायचे. मग ठिणगी किंचित उशिरा पाडायची आणि पुढचे चित्र काढायचे. असे एकेक करत त्यांनी थेंबाच्या आयुष्याची चित्रमालिकाच तयार केली. चित्रे देखणी होती. थेंब पडतो, भोवती पाण्याची भिंत उठते, तिच्या काठावर समान अंतराने टोके फुटतात आणि एखाद्या राजाचा मुकुट असावा तशी आकृती उभी राहते. सगळे कसे रेखीव आणि प्रमाणबद्ध.

१८९४ मध्ये मात्र ठिणगीच्या उजेडात थेंबाचे छायाचित्र घेणे त्यांना साधले. त्या ठिणगीचा काळ सेकंदाच्या तीन दशलक्षांशाहूनही कमी होता. छायाचित्रे धुऊन निघाली आणि वर्दिंग्टन यांच्या लक्षात आले की, खरा मुकुट रेखीव नसतो. एक टोक उंच, दुसरे बुटके, एका बाजूला भिंत फाटलेली, तर दुसरीकडे दोन टोके एकमेकांत मिसळलेली. मग जुन्या चित्रांमधली ती सुबक समानता आली कुठून? ती चित्रकाराच्या मनातून आली होती. वाकडातिकडा शिंतोडा दिसला की 'हा बिघडला' म्हणून तो सोडून द्यायचा आणि सुबक तेवढा काढायचा, हे नकळत होत गेले होते. वर्दिंग्टन यांचा मोठेपणा असा की, त्यांनी हे लपवले नाही. १९०८ साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याचा उघड ऊहापोह केला. विज्ञानाच्या इतिहासकारांना आजही हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच. थेंबाने एका प्रामाणिक माणसाला शिकवले की, आपण पाहतो त्यात आपली अपेक्षा किती मिसळलेली असते.

फाळके आणि एजर्टन

यानंतरचे मोठे नाव अमेरिकेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांचे. १९०३ साली जन्मलेले हे गृहस्थ मुळात विद्युत अभियंता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फिरत्या मोटारींचा अभ्यास करताना त्यांनी अतिशय अल्पकाळ चमकणारा आणि पुन्हा पुन्हा चमकू शकणारा दिवा सिद्ध केला. त्या उजेडात फिरती मोटार थांबल्यासारखी दिसे. मग त्यांनी तोच दिवा नळाच्या धारेवर आणि दुधाच्या थेंबावर रोखला. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने छायाचित्रणाचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात एजर्टन यांचा दुधाचा थेंब कलाकृती म्हणून भिंतीवर लागला. पण त्यांचे समाधान झाले नव्हते. लाल पृष्ठभागावर उठलेला पांढराशुभ्र मुकुट आणि वर लोंबकळणारा पुढचा थेंब हे त्यांचे जगप्रसिद्ध रंगीत छायाचित्र १९५७ सालचे. मधली वीस वर्षे हा अभियंता अधूनमधून दुधाकडे परतत होता. आज आपल्या कॅमेऱ्यावर बसतो तो इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्यांच्याच दिव्याच्या कुळातला आहे.

आपल्याकडे याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा होता. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवायच्या धडपडीत, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत धावली. फाळक्यांनी काळ आखडून दाखवला, एजर्टन यांनी तो थोपवून दाखवला. दोघांची भूक मात्र एकच. जे रोज डोळ्यांसमोर घडते आणि तरीही दिसत नाही, ते पाहण्याची.

ताट, सलाईनची नळी आणि खिळा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. थेंब पाडायला उत्तम साधन म्हणजे सलाईनचा सेट. औषधाच्या दुकानात कोरा, सीलबंद मिळतो. वापरलेला घरात आणू नये. नळीवरच्या चक्रीने थेंबांचा वेग हवा तसा राखता येतो. पाण्याची बाटली स्टुलावर किंवा खुंटीवर टांगायची आणि नळीचे टोक ताटापासून हात-दीड हात उंचीवर पक्के बांधायचे. खाली काठोकाठ भरलेले ताट किंवा खोलगट भांडे ठेवायचे. काठोकाठ अशासाठी, की भांड्याची कड चित्रात येऊ नये.

फोकस आपोआप होऊ द्यायचा नाही. थेंब पडतो नेमक्या त्या जागी भांड्यावर एखादा लांब खिळा किंवा स्वेटरची सुई आडवी ठेवायची, तिच्यावर हाताने फोकस साधायचा आणि मग ती उचलून घ्यायची. कॅमेरा तिकाटण्यावर हवा. छिद्र एफ-११ ते एफ-१६, म्हणजे खोलीचा थोडा पट्टा स्पष्ट येतो. शटर सेकंदाच्या एकशेसाठाव्या किंवा दोनशेव्या भागावर, म्हणजे फ्लॅशशी जुळेल असे. खोलीत पुरेसा अंधार असला की शटरचा वेग गौण ठरतो, कारण चित्र काढतो तो फ्लॅशच.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला की चित्र पुसट येते. हिशेब साधा आहे. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.८ मीटर असतो. पूर्ण ताकदीचा फ्लॅश साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ पेटलेला राहतो. तेवढ्या वेळात थेंब जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतो, म्हणजे आपल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक. तोच फ्लॅश हाताने एक-बत्तिसांश किंवा एक-चौसष्टांश ताकदीवर आणला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागापर्यंत आखडतो. मग थेंब सरकतो तो अवघा ०.१४ मिलिमीटर. म्हणजे चित्रात तो जागचा हलत नाही. उजेड कमी पडतो म्हणून फ्लॅश जवळ आणायचा, ताकद वाढवायची नाही. मोबाइलच्या टॉर्चने हे काम होत नाही. तो सतत पेटता दिवा आहे, क्षणाचा लखलखाट नव्हे.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. फ्लॅशच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये सुमारे तीनशे व्होल्टचा साठा असतो. त्याला प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत गुंडाळावे, ओल्या हाताने हाताळू नये आणि उघडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

बटण कधी दाबायचे? वरच्या उंचीवरून थेंबाला खाली यायला सेकंदाचा तीन-दशांश भागही लागत नाही आणि माणसाला पाहून हात हलवायलाच सुमारे दोन-दशांश लागतात. म्हणून थेंब आपटताना पाहून बटण दाबले की उशीर झालाच. तो सुटताना पाहायचे. त्याहून चांगले म्हणजे चक्री अशी लावायची की थेंबांना ठेका येईल, आणि तबलजी समेवर येतो तसे त्या ठेक्यावर यायचे. शंभर चित्रांत पाच-दहा बरी निघाली तर दिवस सत्कारणी लागला असे समजावे. ३६ चित्रांच्या रोलच्या जमान्यात ही चैन खिशाला परवडणारी नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याने ती सर्वांना खुली केली. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला पॉलिटेक्निकचा विद्यार्थी घरात असेल, तर थेंब आडवा जाताच ठरावीक विलंबाने फ्लॅश पेटवणारे सर्किट तो बनवू शकतो. पण सुरुवात डोळ्यांनी आणि हातानेच करावी. थेंबाशी ओळख तशीच होते.

रंग पाण्यात नसतो

या चित्रांतले रंग पाहून पहिला प्रश्न असतो, पाण्यात काय मिसळले? बहुधा काहीच नाही. थेंबामागे वीतभर अंतरावर पांढरा ड्रॉइंग पेपर उभा करायचा. फ्लॅशचा झोत थेंबावर न टाकता त्या कागदावर टाकायचा आणि फ्लॅशच्या तोंडावर रंगीत जिलेटिन पेपर लावायचा. गॅदरिंगच्या सजावटीला आणतो, तोच. पाण्याचा थेंब हे एक भिंग आहे. मागचा रंग तो उलटा करून आपल्या पोटात धरतो. कागद वर निळा आणि खाली केशरी रंगवला, तर थेंबात केशरी वर दिसते, निळे खाली.

मुकुट हवा असेल तर दूध घ्यावे आणि तेही ताटात अगदी पातळ थरात. खोल भांड्यात मुकुटानंतर दुसरा अंक सुरू होतो. पाण्यात खड्डा पडतो, तो सावरताना चहूबाजूंचे पाणी मध्यावर धावते आणि तिथून एक खांब वर उसळतो. त्याला वर्दिंग्टन यांचेच नाव आहे. हा खांब उभा असतानाच वरून दुसरा थेंब त्याच्या माथ्यावर आदळला, तर पाण्याची छत्री उघडते. त्या छत्रीसाठी जगभरचे छंदिष्ट रात्री जागवतात. चक्री थोडी सैल सोडून थेंब भराभर पडू दिले, तर ती घरच्या ताटातही कधी तरी उघडते. पाणी किंचित दाट असेल तर छत्री अधिक घोटीव येते. त्यासाठी वापरतात गवारीचा डिंक. ज्या गवारीची भाजी आपण ताटात पाहून नाक मुरडतो, तिच्याच बियांची ही पूड. चिमूटभर पूड कोमट पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून घ्यायची.

थेंबाच्या आवाजाचीही एक कथा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आशुतोष डे यांच्यासह शिंतोड्यांच्या ध्वनीवर १९२० साली शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचा प्रकाशावरचा जगप्रसिद्ध शोध त्यानंतर आठ वर्षांनी लागला. गळक्या नळाचा तो 'टप्' आवाज आपटण्याचा नसतोच, हे आता पक्के कळले आहे. पाण्याखाली एक इवलासा हवेचा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरतो. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून हे दाखवून दिले. खालच्या भांड्यात थोडा साबण घातला की आवाज थांबतो, हेही त्यांनी सांगितले. नळ दुरुस्त होईपर्यंत झोप हवी असलेल्यांनी करून पाहावे.

पाण्याचा हिशेब

ज्या मुलखात २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाणी सांडून फोटो काढायचे हे शोभते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यात देता येते. सलाईनच्या सर्वसाधारण नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. हजार थेंब पाडले तरी पाणी खर्च होते ५० मिलिलिटर, अर्धा कप चहाएवढे. तेही ताटातच राहते आणि कुंडीत जाते.

आता हाच हिशेब घरातल्या गळक्या नळाला लावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. म्हणजे चार लिटरांहून अधिक. वर्षाला दीड हजार लिटरांच्या वर. फोटोसाठी थेंब मोजायला बसलेल्या मुलाच्या डोक्यात हे गणित एकदा शिरले, की तो घरातल्या नळाचा वॉशर बदलायला लावतो. भिंतीवरच्या टोकदार थेंबाला हे जमत नाही.

काळ्या मातीचा मुकुट

आता ताटातले दूध काढून तिथे काळी माती ठेवा. थेट शेतातली, थोडी भुसभुशीत. भोवती पांढरा कागद अंथरा आणि तेच थेंब तिच्यावर पाडा. फ्लॅश तोच, कॅमेरा तोच. मात्र या खेपेला चित्रात उठतो तो चिखलाचा मुकुट. काही थेंबांतच कागदावर काळे ठिपके दिसू लागतात. पहिल्या ठिपक्यांवर बोट टेकवून पाहावे. ही शेतातून निघालेली माती आहे.

आपला थेंब तर नुसता हात-दीड हातावरून पडला होता. आकाराने तेवढाच असलेला पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर येतो. वेग तिपटीहून अधिक, म्हणून ऊर्जा दहापट. अमेरिकेत डब्ल्यू. डी. एलिसन यांनी १९४४ मध्ये थेंबाच्या या माऱ्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. धूप म्हणजे पाण्याच्या लोंढ्याने माती वाहून नेणे, असाच तोवर बहुतेकांचा समज होता. एलिसन यांनी दाखवले की, लोंढा नंतर येतो. माती आधी सुटी करतो तो थेंब. मोठ्या पावसात मातीचे कण दोनेक फूट उंच आणि चार-पाच फूट दूर उडू शकतात. ढेकळे फुटतात, बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात आणि वर साय धरावी तशी कडक पापडी तयार होते. मग पुढचे पाणी मुरत नाही, वाहते. आणि वाहताना सुटी झालेली माती घेऊन जाते. पाऊस दमदार पडूनही विहिरीला पाझर का फुटत नाही, याचे एक उत्तर या पापडीत आहे.

परभणीला हे नवे नाही. दुष्काळाच्या १९७२ सालात इथे उभे राहिलेले कृषी विद्यापीठ आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करते. तेथील कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा मोठा भाग पडेल ते पाणी जागीच मुरवण्याशी निगडित आहे. सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीची शिफारस शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. शेतातला काडीकचरा जाळू नका, आच्छादन म्हणून पसरा, हेही वर्षानुवर्षे सांगितले जाते. सांगितलेले कानाआड होते. पाहिलेले राहते. म्हणून त्याच ताटातल्या मातीवर थोडे सोयाबीनचे कुटार किंवा कडब्याची कुट्टी पसरा, नवा पांढरा कागद घ्या आणि तितकेच थेंब पुन्हा पाडा. थेंब काडीवर फुटतो, वेग हरवतो आणि निमूटपणे खाली उतरतो. कागद जवळजवळ कोरा राहतो. दोन कागद शेजारी ठेवले की व्याख्यानाची गरज पडत नाही.

मृगाचा पहिला पाऊस आला की आणखी एक प्रयोग करावा. अमेरिकेतला विल्सन बेंटली हा शेतकरी पिठाने भरलेले भांडे काही क्षण पावसात धरत असे. थेंब पिठात पडला की त्याची गोळी बने. गोळ्या मोजून त्याने १९०४ साली पावसाच्या थेंबांचे आकार प्रसिद्ध केले. आपल्याकडे ज्वारीचे पीठ आहे. ताटलीभर चाळलेले पीठ, पावसाची काही सेकंदे आणि एक फूटपट्टी. रिमझिम सरीच्या गोळ्या आणि वळवाच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत ठेवाव्यात. कोणता पाऊस माती भिजवतो आणि कोणता तिला मारतो, ते हातात घेऊन पाहता येते.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण थट्टेने म्हणतो. या छंदापुरते तरी परभणीने कुणाकडे पाहायचे कारण नाही. साहित्य घरात आहे, माती दारात आहे आणि पाण्याची किंमत इथल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्की दर वर्षी असतात. यंदा एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेने दुधाचा मुकुट, मातीचा मुकुट आणि ठिपक्यांचे दोन कागद मांडून पाहावेत.

चित्रे निवडताना मात्र एक पथ्य पाळावे. शंभरांतले सर्वांत सुबक तेवढे ठेवून बाकीचे पुसून टाकायचा मोह होतो. शेजारी एक वाकडा मुकुटही लावावा, एका बाजूने फाटलेला, टोके लहानमोठी असलेला. थेंब पडतो तो तसाच.